खिडकी बंद पाडणारी बाई

मखमलाबादच्या नवसाबाईला पोलीस ठाण्याच्या फाटकाशी सगळे फुलवाली म्हणूनच ओळखायचे. फुलं ती विकायचीच, खोटं कशाला बोलू. पण ती तिथं फुलं विकायला म्हणून बसलेली नव्हती. ती एका माणसाची जिरवायला बसली होती, आणि हे ठाऊक असलेली सबंध आवारात मी एकटी होते.

मी शुभांगी. ठाण्याच्या कुंपणाला लागून चिंचेखाली माझं टायपिंगचं टेबल असायचं. अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, जे म्हणाल ते. ठाणं कुठलं ते सांगत नाही, नाशकातलंच एक समजा. माझ्या टेबलावरून ठाण्याची एक खिडकी सरळ समोर दिसायची. तिला सगळे अपघाताची खिडकी म्हणायचे. रस्त्यावर कुणाला गाडीनं उडवलं, की पोलीस पंचनामा करतात, अहवाल लिहितात. त्याची नक्कल हातात असल्याशिवाय विमावाला दारात उभा करत नाही आणि वकील दावा लावत नाही. ही नक्कल त्या खिडकीतून मिळायची. म्हणजे मिळायला हवी होती. खिडकीत हवालदार खंडेराव बसायचा.

खंडेरावबद्दल मी चांगलं बोलणार नाहीये. ज्यांना चांगलं ऐकायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं. लोकांना वाटायचं हा पैसे खातो. अहो, पैसे खात असता तर देऊन सुटता तरी आलं असतं. मेल्याला मजा हवी असायची. रडत आलेल्या माणसाला खिडकीशी उभं करायचं, उलटसुलट विचारायचं, बाकावर बसलेल्यांकडे बघून डोळा मारायचा आणि शेवटी पुढच्या आठवड्यात या म्हणायचं. कागदांचा गठ्ठा समोर टेबलावरच असायचा, हात लांब केला की मिळेल असा. ते मला माझ्या खुर्चीतून दिसायचं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

नवसाबाई पहिल्यांदा आली ती शहाण्णव साली. तिचा नवरा बहिरू. दोघांचा झेंडू आणि शेवंतीचा मळा. बहिरू पहाटे एम-एटी गाडीवर फुलांच्या पाट्या बांधून फूलबाजाराकडे निघाला होता, दिंडोरी रोडला दुधाच्या टँकरनं त्याला मागून उडवलं. जागीच गेला बिचारा. तेरावं उरकलं आणि नवसाबाई नक्कल मागायला आली. दीर बाजारात, मुलं लहान, सोबत यायला कुणी नाही, म्हणून एकटीच आली.

खंडेरावनं मयताचं नाव विचारलं.

आता आपल्याकडची चाल तुम्हाला काय सांगायची. त्या काळातली, मळ्यातली बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. कुणी विचारलंच तर आडून सांगते. देवाचं सांगते, वाराचं सांगते, नाहीतर शेजारणीला पुढं करते. नवसाबाईनंही तसंच केलं. आमच्या वेशीवरच्या देवाचं नाव हाय, भैरोबाचं, असं तिनं हळूच सांगितलं. नाशिक जिल्ह्यात एवढ्यावर शेंबडं पोरसुद्धा बहिरू म्हणेल. खंडेरावला काय कळलं नसेल? पण त्यानं कानाला हात लावला, ऐकू आलं नाही म्हणाला, कुठला देव म्हणाला, आम्हाला तेहेतीस कोटी देव पाठ नाहीत म्हणाला. बाक हसला. नवसाबाई खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली.

"मग उखाण्यात घे," खंडेराव म्हणाला. "लग्नात घेतला असशील ना? घे, म्हणजे लगेच नक्कल."

उखाणा सवाष्णीनं घ्यायचा. मंगळागौरीत घ्यायचा, डोहाळजेवणात घ्यायचा. कपाळावरचं कुंकू नुकतं पुसलेल्या बाईला हा माणूस चारचौघांत उखाणा घ्यायला लावत होता. माझी टायपिंगची बोटं थांबली. मला वाटलं आता ही मागं फिरेल. पण तिला नक्कल हवी होती. तोंडापुढं पदर धरून, जमिनीकडं बघत तिनं घेतला.

"पाटाचं पाणी दिलं झेंडूच्या वाफ्याला, बहिरूरावांचं नाव घेते, कागद द्या हाताला."

खंडेरावनं टाळी वाजवली. वा वा म्हणाला. मग साहेबांची सही व्हायची आहे, पुढच्या आठवड्यात ये, असं सांगून त्यानं चहा मागवला.

ती माझ्या टेबलामागच्या नळावर गेली आणि चुळा भरत राहिली. किती वेळ भरल्या कुणास ठाऊक. मी तिला हाताला धरून आणलं, बसवलं, अर्धा चहा दिला. मला वाटलं रडेल. रडली नाही. खिडकीकडं बघून ती एवढंच म्हणाली, "ताई, ही खिडकी बंद पडलेली मला बघायची हाय. तोवर मी मरत नाय."

नक्कल तिला मिळाली, पण खेटे घालून घालून दुसरा पावसाळा आल्यावर. तोवर टँकरचा चालक आपल्या मुलखात निघून गेला होता, मालकानं वकील बदलला होता, आणि दाव्यात काही दम राहिला नव्हता. कागद तिनं ट्रंकेत टाकला. आणि फूलबाजारातली जागा दिराला देऊन टोपली घेऊन ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली, खिडकीच्या नाकासमोर.

पहिल्याच दसऱ्याला खंडेराव मोटरसायकलला हार घ्यायला तिच्याकडं आला. ताजा दे गं, म्हणाला. त्यानं तिला ओळखलं नव्हतं. एका बाईला जन्मभर पुरेल एवढी लाज दिली आणि तिचा चेहरासुद्धा लक्षात ठेवला नाही! मी चडफडले. त्याच्या हारात चार अळ्या तरी सोडायच्या होत्या, असं मी तिला नंतर म्हणाले. तिनं सुई-दोरा बाजूला ठेवला आणि म्हणाली, "नाय ताई. एवढ्या स्वस्तात नाय सोडायचा त्याला." त्या दिवशी मला कळलं की ही बाई माझ्यापेक्षा पक्की आहे.

मग तिनं एक उद्योग सुरू केला. अपघाताच्या खिडकीकडं कुणी बाई एकटी निघाली, की नवसाबाई टोपली सोडून तिच्याबरोबर जायची. वाटेत तिच्याकडून नाव काढून घ्यायची. कुणी म्हणे शनवारच्या देवाचं, कुणी म्हणे रावणाला मारला त्याचं, कुणी म्हणे देवकीच्या आठव्याचं. नवसाबाईला एकही अडायचं नाही. मग खिडकीशी उभी राहून ती ते नाव ठणठणीत आवाजात घ्यायची. मारुती! रामचंद्र! किसन! बापाच्या नावासकट, गावासकट, सबंध आवाराला ऐकू जाईल असं. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला कुणाची चोरी? खंडेरावचा खेळ तिथंच मोडायचा. तो चिडून नातेवाइकांशिवाय कुणी बोलायचं नाही असं ओरडायला लागला, तर ही फाटकातून नावं ओरडायची. नक्कल त्यानं तरीही रखडवलीच, पण त्याची मजा गेली. असं कितीतरी वर्षं चाललं. नवसाबाईचे केस पिकले, माझ्या टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला आणि मी चिंचेखालून उठून फाटकासमोरच्या गाळ्यात इंटरनेट घेऊन बसले. खिडकी मात्र चालूच होती.

दोन हजार सात साली ठाण्यात नवे साहेब आले. तरुण, चष्मा लावणारे, कमी बोलणारे. त्यांनी अपघाताच्या नकला ऑनलाइन करायचं काढलं. कुठल्याही कॉम्प्युटरवरून अर्ज टाकायचा, शिक्क्याची नक्कल टपालानं घरी येणार. खिडकीशी उभं राहायलाच नको. कुठला अर्ज किती दिवस पडून आहे ते साहेबांना त्यांच्या पडद्यावर दिसणार, आणि पडून राहिला तर खंडेरावला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागणार. हे सगळं साहेबांनी स्वतः माझ्या गाळ्यात येऊन सांगितलं, कारण लोक अर्ज टाकायला माझ्याकडंच येणार होते. जाता जाता हेही म्हणाले की दिवाळीपर्यंत खिडकी आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू राहील. लोक कॉम्प्युटरकडं वळले तर खिडकी कायमची बंद. नाही वळले, तर वरचे लोक हे गुंडाळायला लावतील आणि खिडकी आहे तशी राहील.

मी धावत जाऊन नवसाबाईला सांगितलं. ती टोपलीवरून उठून उभीच राहिली. दिवाळीपर्यंत ना, असं तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं.

पण खंडेराव काय हात बांधून बसणार होता? तो रोज सकाळी फाटकात उभा राहून येणाऱ्याला बाजूला घ्यायचा. कॉम्प्युटरच्या कागदाला कोर्टात कुणी विचारत नाही बरं का, शिक्का छापील असतो, वकील तोंडावर फेकतो, असं काळजीनं सांगायचा. लोकांना ते पटायचं. मुळात माणूस मेटाकुटीला आलेला असतो, त्यात नवीन काही करायची कुणाला हौस? माझ्या गाळ्याच्या पायरीपर्यंत आलेली माणसं माघारी फिरून खिडकीशी रांग लावायची. गणपती गेले, घटस्थापना आली, आणि अर्ज म्हणाल तर बोटावर मोजण्याएवढे. साहेबांचा चेहरा उतरायला लागला. खंडेराव मात्र खिडकीत बसून मिशीला पीळ द्यायचा. नवसाबाई दिवसभर हार ओवायची आणि तिचं लक्ष हारात नसायचं. एकदा तर झेंडूच्या हारात तिनं देठच ओवले होते.

एका सकाळी टोपली न मांडताच ती माझ्या गाळ्यात आली आणि खुर्चीवर बसली.

"ताई, माझा अर्ज टाका."

मी म्हटलं, नवसाबाई, तुम्हाला नक्कल मिळून युगं लोटली. तर ती म्हणाली, एकदा मिळाली म्हणजे परत मागू नये असं कुठं लिहिलंय? लिहिलेलं कुठंच नव्हतं. मी बहिरूचं नाव घातलं, साल घातलं, गाव घातलं, अर्ज पाठवला.

पुढं काय झालं ते ऐका. जुन्या सालांचे गठ्ठे ठाण्यात माळ्यावर कोंबलेले होते. शिपाई वर चढायला तयार नाही, साहेबांच्या पडद्यावर अर्ज लाल होऊन बसलेला, आणि ह्या कामाला नेमलेला माणूस खंडेराव. शेवटी खंडेराव स्वतः शिडीवर चढला. पोट सुटलेलं, गुडघे धरलेले. वरून धप्पकन गठ्ठे पडल्याचे आवाज येत होते आणि मध्येमध्ये शिंका. दुपारी तो खाली आला तेव्हा डोक्यापासून बुटापर्यंत धुळीनं माखलेला होता. एवढ्या वर्षांत मी नवसाबाईला हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती फाटकाच्या खांबाला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, आता ह्याला माळ्यावरच राहायला लावते.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी टोपली दिसेना. बाई गेली कुठं? तर जिच्या जिच्या नवऱ्याचं नाव तिनं खिडकीत घेतलं होतं, तिच्या तिच्या दारात. म्हसरूळ, आडगाव, थेट एसटीनं निफाडपर्यंत. तिला एकेक बाई आठवत होती, नावासकट आणि नवऱ्याच्या नावासकट. कुणाला नक्कल मिळालीच नव्हती, कुणाला मिळून हरवली होती, कुणाला आता नकोच होती. नवसाबाईनं सगळ्यांना एकच सांगितलं असणार, कारण माझ्या गाळ्यात आलेली प्रत्येक बाई आत येताच खिडकीकडं बोट करून विचारायची, तोच बसलाय का अजून? आणि हो म्हटलं की पदर खोचून खुर्चीवर बसायची. कामं टाकून आल्या होत्या सगळ्या, खुडा टाकून, भांगलण टाकून. एकीनं तर मला सांगितलं की मला कागदाचं काही करायचं नाही, पण त्याला तेवढा वर चढवा.

मी चढवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अर्ज टाकत होते आणि मला जी मजा येत होती ती लपवण्यात काही अर्थ नाही. खंडेराव रोज शिडी चढायचा आणि रोज उतरायचा. खिडकीत बसायला त्याला सवडच मिळेना. खिडकीशी आलेली माणसं ताटकळून ताटकळून आपणहून माझ्याकडं यायला लागली.

त्यातली म्हसरूळची पुतळाबाई. तिचा दावा नकलेवाचून वर्षानुवर्षं अडकलेला होता. खंडेरावनं तिला सांगितलं होतं की तुझा कागदच सापडत नाही. आता साहेबांनी लेखी उत्तर मागितल्याबरोबर तो बरा सापडला! नक्कल टपालानं तिच्या घरी आली, निळ्या शिक्क्यासकट. वकिलानं ती लावली आणि कोर्टानं ठेवून घेतली. पुतळाबाई तडक ठाण्याच्या फाटकात आली. खंडेराव तिथं कुणालातरी छापील शिक्क्याची भीती घालत होता. तिनं त्याच्यादेखत तो कागद सगळ्यांना फिरवून दाखवला आणि कोर्टात काय झालं ते सांगितलं. खंडेराव आत गेला. त्यानंतर खिडकीशी रांग म्हणून लागली नाही.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुतारानं येऊन खिडकीला आतून फळी मारली. नवसाबाई समोर बसून प्रत्येक खिळा ठोकलेला बघत होती. मी पेढे आणले होते, तिनं पेढा हातात घेतला पण खाल्ला नाही. मला म्हणाली, थांबा ताई, अजून तो इथंच हाय.

होताच. खंडेरावला आता काही काम नव्हतं. फळी मारलेल्या खिडकीमागं तो खुर्ची टाकून बसायचा, नाहीतर आवारात फेऱ्या मारायचा. शिपाईसुद्धा त्याला चहा विचारीनासा झाला. बदलीचा हुकूम यायचाय, लांब डोंगरात सुरगाण्याकडच्या चौकीवर पाठवणार, असं ऐकू येत होतं. निवृत्तीला थोडं राहिलेलं, सिडकोत घर बांधलेलं, गुडघे शिडीनं पार गेलेले. नवसाबाई समोर बसून त्याच्याकडं टक लावून बघायची. हार ओवायचीसुद्धा नाही. एखादा माणूस सिनेमा बघतो तशी बघायची.

आणि एक दिवस तो फाटक ओलांडून तिच्याकडं आला. मी गाळ्याच्या दारातच होते, एकेक शब्द ऐकला.

आधी उभा राहिला, मग खांबाला धरून टोपलीशी चक्क खाली बसला. मावशी म्हणाला तिला! म्हणाला, लोक तुमचं ऐकतात. साहेब म्हणालेत की म्हाताऱ्या माणसांसाठी, न शिकलेल्यांसाठी खिडकी हवी अशी लोकांची मागणी आली तर ते विचार करतील. तुम्ही नुसतं चार बायांना साहेबांकडं जाऊन बोलायला सांगा. माझं सुरगाणं टळेल. बायको आजारी असते, मागं बघणारं कुणी नाही. एवढं बोलताना त्याचा आवाज फाटला. खोटं बोलत नव्हता, हे मलाही कळलं.

नवसाबाईनं त्याला विचारलं, "मी कोन हाय, वळखलं का?"

त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. अगदी मनापासून बघितलं, नाही असं नाही. मग मान हलवली आणि म्हणाला, "मावशी, खिडकीत किती बाया आल्या न गेल्या. मला कुठलं आठवणार?"

मला वाटलं आता ही पेटणार. शहाण्णव सालापासूनचं सगळं त्याच्या तोंडावर मारणार, नाव घेऊन, सबंध आवाराला ऐकू जाईल असं. मी तर त्यासाठी दोन पायऱ्या खाली उतरले होते. पण तिनं टोपलीतली फुलं फडक्यात गोळा केली, गाठ मारली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आठवलं असतं, तर तुला माफ करावं लागलं असतं. जा सुरगाण्याला."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती मखमलाबादच्या रस्त्याला लागली. खंडेराव खांबाला धरून उठायला बघत होता, त्याला उठता येईना. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि मीही त्याला हात दिला नाही.

पुढच्या आठवड्यात तो बदलीवर गेला. नवसाबाई त्या दिवसापासून फाटकाशी आलीच नाही, मळ्यात असते म्हणतात, शेवंती चांगली लावली आहे म्हणे. तिचं भागलं. मी असते तर तो वळकटी घेऊन सुरगाण्याच्या एसटीत चढेपर्यंत तिथून हलले नसते.